हळद लांबून, कुंकू जवळून

जानेवारी उजाडला की आमच्या घरात हळदी-कुंकवाचे दोन बेत एकदम ठरतात. एक घरातला. संक्रांत ते रथसप्तमीमधला सोयीचा दिवस कोणता आणि यंदा वाण काय लुटायचं, यावर आठवडाभर खल चालतो. दुसरा बेत माझा एकट्याचा. पहाटे साडेपाचला चहाचा थर्मास आणि गळ्यात दुर्बीण घेऊन मी तळ्याचा बांध गाठतो. तिथलं हळदी-कुंकू पाण्यावर तरंगत असतं.

हळदी-कुंकू हे एका रानबदकाचं मराठी नाव. काही भागांत त्याला धनवर म्हणतात, पुस्तकांतून प्लवा असंही नाव भेटतं, आणि इंग्रजीत ते स्पॉट-बिल्ड डक. चोच काळी. चोचीचं टोक हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं. आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना कुंकवाचं एकेक बोट. एवढं वर्णन ऐकलं की वाटतं, यात ओळखायला अवघड ते काय? मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्यांदा हे बदक बघायला मी उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो. मासेमारी करणाऱ्या एका काकांच्या नावेत बसलो आणि तासभर दिसेल त्या बदकाच्या कपाळावर कुंकू शोधत राहिलो. एकाच्याही कपाळावर सापडलं नाही. काका बराच वेळ गप्प वल्हवत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "कुंकू काय हुडकताय साहेब? आदी हळद बगा की. कुंकू जवळ गेल्यावर दिसतंय." मी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. दीडशेएक मीटरवर सात-आठ बदकं बसली होती, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक पिवळा ठिपका लखलखत होता. तासभर मी ज्यांना 'ही ती नव्हेत' म्हणून सोडून देत होतो, तीच ती होती.

रानबदक ओळखण्याची अर्धी विद्या काकांच्या त्या दोन वाक्यांत आहे. पुस्तकातलं बदक वीतभर अंतरावर असतं, त्याचं पीस न् पीस दिसतं. तळ्यावरचं बदक दोन-तीनशे मीटरवर असतं आणि त्याच्या खुणा एकदम हाती लागत नाहीत. अंतर कमी होईल तशा त्या एकेक उलगडतात. कोणती खूण केव्हा दिसणार हे ठाऊक असलं, तर जी अजून दिसणारच नाही तिच्यामागे डोळे शिणवावे लागत नाहीत.

नावातच खूण

आपल्याकडच्या पाणपक्ष्यांची मराठी नावं हीच एक छोटी ओळखवही आहे. थापट्याची चोच गवंड्याच्या थापीसारखी टोकाशी रुंद. तलवार बदकाच्या नराचं शेपूट लांब आणि अणकुचीदार. भुवई बदकाच्या नराच्या डोळ्यावर पांढरी जाड भुवई. नकट्याच्या नराच्या चोचीवर मोठा काळा उंचवटा असतो, म्हणजे नाव नकटा आणि नाक भलं मोठं. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरं गंध लावलेला तो वारकरी. वारकरी मात्र बदक नव्हे. तो पाणकोंबड्यांच्या कुळातला आहे आणि पोहताना दर वेळी मान पुढे झुलवतो.

विलायती शास्त्रीय नावालाही चोचच दिसली. १७८१ साली योहान राइनहोल्ड फोर्स्टर या निसर्गतज्ज्ञाने श्रीलंकेतल्या बदकावरून या जातीचं नामकरण केलं, 'अ‍ॅनास पीसिलोऱ्हिंका'. ग्रीक मुळातून अर्थ काढला तर 'चित्रविचित्र चोचीचं बदक' असा होतो. हा फोर्स्टर कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सागरसफरीत सामील होता. जगप्रदक्षिणा करून आलेल्या माणसाला चोच रंगीबेरंगी वाटली, आपल्या लोकांना तिच्यात हळद आणि कुंकू दिसलं. मराठी नावाचा फायदा असा, की ते रंगही सांगतं आणि जागेचा क्रमही. फक्त हळद आधी वाचायची असते, हे मला काकांनी शिकवलं.

तीनशे मीटर : आधी बसणं बघा

एवढ्या अंतरावरून रंग विसरा. सकाळच्या धुक्यात सगळीच बदकं काळपट ठिपके असतात. इथे बघायचं ते पाण्यावरचं बसणं.

बदकांचे ढोबळ दोन गट पडतात. एक गट पाण्याच्या वरच्या थरात चरणारा, दुसरा बुडी मारून तळाशी जाणारा. चरणारी बदकं पाण्यावर उंच बसतात आणि त्यांचं शेपूट पाण्याच्या वर राहतं. खोलावरचं काही हवं असेल तर ती डोकं पाण्यात खुपसून उलटी होतात, शेपूट आभाळाकडे करतात आणि पायांनी तोल सावरत तशीच राहतात. लालसरी किंवा शेंडी बदक यांसारखी बुडी मारणारी बदकं पाण्यात खोल बसतात, शेपूट पाण्याला टेकलेलं असतं आणि क्षणात ती दिसेनाशी होतात. त्यांचे पाय शरीराच्या मागच्या टोकाकडे असतात. पाण्याखाली वल्ह्यासारखे ते उत्तम चालतात, पण जमिनीवर चालताना मात्र तारांबळ उडते.

हळदी-कुंकू पहिल्या गटातलं. ते पाण्यावर ऐसपैस बसतं, काठाच्या चिखलात सहज चालतं, वेळ पडली तर भाताच्या खाचरातही उतरतं. त्याचं खाणं मुख्यतः पाणवनस्पतींचे कोंब, बिया आणि धान्य, जोडीला गोगलगाई, किडे, अळ्या. चोचीच्या कडांना आतून बारीक कंगव्यासारखे दाते असतात. पाणी आणि चिखल त्यांतून गाळून निघतो आणि खाणं तोंडात राहतं.

दुसरी गोष्ट आकार. हळदी-कुंकू सुमारे साठ सेंटिमीटर लांब, पाळीव बदकाएवढं. त्याच्या शेजारी चक्रांग किंवा भुवई बदक आलं तर ते दोन तृतीयांशच भरतं, कारण ही दोन्ही चाळीस सेंटिमीटरच्या आतबाहेर असतात. काणूक तर त्याहून लहान, जेमतेम कबुतराएवढं. म्हणून एकटं बदक दिसलं की त्याच्या आकाराचा अंदाज फसतो आणि शेजारी ओळखीचा पक्षी असला की तो बरोबर येतो. वारकरी जवळजवळ सगळ्या मोठ्या तळ्यांवर असतात. त्यांची लांबी साधारण चाळीस सेंटिमीटर. ते माझं फूटपट्टीचं काम करतात.

तिसरी गोष्ट सोबत. तलवार, थापटे, भुवई बदकं हिवाळ्यात शेकड्यांनी एकत्र असतात. हळदी-कुंकवाला एवढी गर्दी सोसत नाही. बहुधा जोडी असते, नाहीतर पाच-दहांचं टोळकं. मोठ्या थव्यापासून जरा बाजूला, पाणकणसाच्या कडेला स्वस्थ बसलेली मोठी बदकं दिसली, तर पहिला संशय यांच्यावर घ्यावा.

दीडशे मीटर : पट्टी आणि हळद

थोडं जवळ गेलं की बदकाच्या पाठीच्या मागच्या अंगाला, मिटलेल्या पंखाच्या कडेने, एक पांढरी पट्टी उजळते. पंखाची शरीरालगतची काही पिसं पांढरी असतात, ती पंख मिटल्यावर वर येतात. तपकिरी अंगावर ही पट्टी इतकी ठसठशीत असते, की बदक पाठमोरं असलं किंवा चोच पिसांत खुपसून झोपलं असलं तरी ओळख पटते. नवख्या माणसाला मी ही खूण आवर्जून सांगतो. बदकं दिवसाचा बराच वेळ झोपून काढतात आणि झोपलेल्या बदकाची हळद दिसत नाही.

मग हळद. काळ्या चोचीच्या टोकावरचा हा पिवळा रंग बऱ्या दुर्बिणीतून दीडशे मीटरवरूनही दिसतो, ऊन अंगावर असेल तर त्याहूनही लांबून. मान फिरली की तो ठिपका लुकलुकतो. भारतातल्या हिवाळी तळ्यांवर काळी चोच आणि पिवळं टोक असं बांधेसूद जुळून आलेलं दुसरं बदक सहसा भेटत नाही. म्हणून हळद दिसली की ओळख जवळजवळ झाली म्हणायला हरकत नाही.

याच अंतरावर चेहराही कळू लागतो. डोकं आणि मान फिकट राखाडी-बदामी, माथा गडद, आणि डोळ्यातून आरपार गेलेली एक काळी रेघ, काजळाची ओढ कानापर्यंत न्यावी तशी. छातीपासून खाली रंग गडद होत जातो. मागचा भाग जवळजवळ काळा. अंगावरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार असल्याने सगळं अंग खवल्याखवल्यांचं दिसतं.

पन्नास मीटर : कुंकू

कुंकू दिसायला एवढं जवळ यावं लागतं, नाहीतर चांगली स्थिर दुर्बीण तिवईवर लावावी लागते. चोचीच्या बुडाशी, डोळ्यांच्या पुढे, दोन नारिंगी-लाल ठिपके. पायही शेंदरी-लाल असतात, पण ते पाण्याबाहेर आल्यावरच दिसतात.

इथे नाव जरा चकवा देतं. हळदी-कुंकू हा आपल्याकडे सुवासिनींचा मान. पण या बदकांत ठळक कुंकू लावतो तो नर. मादीचे ठिपके लहान आणि फिकट असतात, कधी जवळजवळ नसतातच. पोरसवदा पिल्लांच्या चोचीवर तर कुंकू उमटलेलंच नसतं. म्हणजे कुंकू नाही म्हणून हे बदक हळदी-कुंकू नाही, असा निकाल देणं चूक. जोडी शेजारी शेजारी असेल तर जरा मोठा आणि ठळक ठिपक्यांचा तो नर, अशी तुलना करता येते. एकट्या बदकाबाबत मात्र मत राखून ठेवावं. आवाजाने थोडी मदत होते. पाळीव बदकाचा असतो तसा मोठ्याने येणारा 'क्वॅक क्वॅक' मादीचा, आणि दबका, घोगरा सूर नराचा.

नर-मादी जवळजवळ सारखे असण्यामागे एक गंमतीचं कोडं आहे. उत्तरेकडून येणाऱ्या बहुतेक बदकांत नर भडक आणि मादी मातकट. तलवार, थापट्या, मॅलार्ड यांचे नर नटलेले असतात, कारण हिवाळ्याच्या थोड्या महिन्यांत, हजारोंच्या गर्दीत, दर वर्षी नव्याने जोडीदार मिळवायचा असतो. उष्ण प्रदेशात बारमाही राहणाऱ्या कितीतरी बदकांत हा थाट आढळत नाही. अशा बदकांच्या जोड्या जास्त काळ टिकतात आणि नटण्याची चुरस कमी असते, असा त्याचा संबंध अभ्यासक लावतात.

उडाल्यावर

बदक उडालं की ओळख संपली, असं नवख्यांना वाटतं. हळदी-कुंकवाच्या बाबतीत उलट आहे. पाण्याच्या वरच्या थरात चरणारी बदकं धाव न घेता सरळ वर उसळतात, बुडी मारणाऱ्यांना पाण्यावर पावलं आपटत काही अंतर धावावं लागतं. त्यामुळे उडतानाच गट कळतो. मग पंख उघडले की तीन गोष्टी दिसतात : पंखाच्या मागच्या भागातला चकाकता हिरवा पट्टा, शरीरालगतची तीच पांढरी पिसं, आणि पंखाखालचा पांढराशुभ्र भाग, जो गडद पोटाशेजारी एकदम उठून दिसतो.

हिरव्या पट्ट्यावर मात्र फार विसंबू नये. पक्षीशास्त्रात या चकाकत्या पट्ट्याला लॅटिनमधून 'आरसा' अशा अर्थाचं नाव आहे, आणि तो आरशासारखाच लहरी असतो. त्यात हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिसांच्या सूक्ष्म थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि त्यातून रंग उमटतो, साबणाच्या फुग्यावर किंवा ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर उमटतो तसा. कोन बदलला की तोच पट्टा निळा, जांभळा किंवा अगदी काळा दिसतो. पांढरा रंग अशी फसवाफसवी करत नाही. म्हणून उडणाऱ्या बदकात आधी पांढरं शोधावं.

फसवणारी भावंडं

गोंधळ होतो तो तपकिरी बदकांचा, आणि तपकिरी म्हणजे बहुधा पाहुण्या बदकांच्या माद्या. गडवालची मादी अंगाने जवळपास तशीच, पण तिच्या चोचीच्या कडा नारिंगी असतात, टोक पिवळं नसतं, आणि पंखावर चौकोनी पांढरा डाग असतो. थापट्याची मादी पोहताना पुढच्या बाजूला झुकलेली वाटते, चोच डोक्याहून लांब. तलवारची मादी सडपातळ, मान लांब, चोच करडी. मॅलार्डची मादी महाराष्ट्रात क्वचितच दिसते. तिची चोच नारिंगी आणि वर काळपट डाग, तर पंखावरचा आरसा निळा. अडई हीसुद्धा तपकिरी आणि बारमाही, पण ती लहान, लांब मानेची, आणि उडताना शीळ घालते. कावळ्या-चिमण्यांसारखी ती झाडावर बसलेली दिसते, हळदी-कुंकू सहसा बसत नाही.

आणखी एक फसवं भावंड आहे ते गावातलं पाळीव बदक. जगातल्या बहुतेक पाळीव बदकांचा मूळ पूर्वज मॅलार्ड. नदीकाठच्या वस्तीतून सुटलेलं एखादं खाकी बदक रानबदकांत मिसळतं आणि यादीत भलतंच नाव जातं. अशा बदकाची चोच एकरंगी असते, बूड जड असतं, आणि माणूस पंचवीस पावलांवर आला तरी ते हलत नाही. रानबदक एवढा विश्वास टाकत नाही.

ईशान्य भारतात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. चीन-जपानकडचं स्पॉट-बिल्ड बदक पूर्वी याच जातीत धरलं जाई, आता ती वेगळी जात मानली जाते. तिच्या चोचीला हळद आहे, पण कुंकू नाही, आणि गालावर डोळ्याच्या रेघेखेरीज आणखी एक गडद रेघ आहे. म्हणजे तिथे मात्र कुंकवापर्यंत पोहोचल्याशिवाय निकाल देता येत नाही.

घरचं बदक

आता मला मुळात जे सांगायचं आहे ते. हिवाळ्यात आपण तळ्यावर जातो ते पाहुण्यांसाठी. सैबेरिया, मध्य आशिया, लडाख ही नावं ऐकून अंगावर रोमांच येतो. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करून इकडे उतरलेला चक्रवाक दिसला की सगळ्या दुर्बिणी त्याच्याकडे वळतात. शेजारचं हळदी-कुंकू मात्र 'ते काय, नेहमीचंच' म्हणून यादीत एका आकड्यापुरतं उरतं.

पण बदकं शिकायची असतील तर सुरुवात या नेहमीच्याच बदकापासून करावी, आणि त्याला कारण आहे. बदकं वर्षातून एकदा उडण्याची सगळी मोठी पिसं एकदम टाकतात. तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही, तेव्हा ती पाणकणसात लपून राहतात. या काळात पाहुण्या जातींचे भडक नर मादीसारखा मातकट वेष घेतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे पोहोचतात तेव्हा बऱ्याचजणांचा जामानिमा अर्धवटच असतो. तेव्हा जाणकारही अडखळतात. हळदी-कुंकवाला असा वेष बदलावा लागत नाही. ते आषाढात जसं दिसतं तसंच पौषात. म्हणून ते माप आहे. त्याचा आकार, त्याचं बसणं, त्याच्या पंखावरचं पांढरं डोळ्यांत पक्कं बसलं, की समोरचं अनोळखी बदक त्याच्याहून लहान की मोठं, फिकट की गडद, चोचीने रुंद की बारीक, असं विचारत पुढे जाता येतं.

ते बारमाही आहे याचा दुसरा अर्थ असा, की त्याचा संसार आपल्याच तळ्यावर होतो. पाऊस सुरू होऊन तळी भरली, काठाला गवत वाढलं, की जोडी आडोशाची जागा शोधते. घरटं पाण्याजवळ, जमिनीवरच, गवत आणि लव्हाळ्याची एक गादी. त्यात साधारण आठ ते बारा अंडी. उबवण्याचं काम मादीचं, जवळजवळ साडेतीन आठवडे. पिल्लं अंड्यातून निघतात ती उघड्या डोळ्यांनी, अंगावर पिवळी-काळपट लव घेऊन, आणि थोड्याच वेळात आईमागे पाण्यात उतरतात. पाऊस लांबला, तळं उशिरा भरलं, तर वीणही पुढे सरकते. त्याचा पंचांगाशी संबंध नाही, पाण्याशी आहे. श्रावण-भाद्रपदात एखाद्या पाझर तलावावर तपकिरी बदकामागे दहा ठिपके रांगेने पोहताना दिसले, तर ते पाहुण्यांपैकी कोणी नव्हे. तलवार आणि थापटे त्या वेळी हजारो किलोमीटर उत्तरेला असतात.

कुठे आणि कसं

या बदकासाठी अभयारण्यच गाठायला हवं असं नाही, पण गर्दीत शिकायचं असेल तर नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर उत्तम. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या जुन्या बंधाऱ्यात गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि पाणगवत पसरलं, आणि निफाड तालुक्याला पक्ष्यांचं तळं मिळालं. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत २०२० साली गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. तिथल्या मनोऱ्यांवरून पाहुणी आणि घरची बदकं एकाच नजरेत तोलता येतात. उजनीचा फुगवटा, पैठणचा नाथसागर, साताऱ्याकडचं मायणी, पुण्याजवळ मुळा-मुठेवरचा कवडीपाट, भंडारा-गोंदियातले माजी मालगुजारी तलाव, ही सगळी बदकांची ठिकाणं. गावाबाहेरच्या साध्या तळ्यालाही कमी लेखू नये. उथळ पाणी, काठाला गवत आणि माणसाचा थोडा वावर, एवढ्यावर हळदी-कुंकवाचं भागतं.

दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची पुरते. त्याहून जास्त पट घेतली की हातातली थरथरही तितकीच मोठी होते. सकाळी सूर्य पाठीशी ठेवायचा, म्हणजे तळ्याच्या पूर्वेच्या काठावर बसायचं. समोरून ऊन आलं की सगळी बदकं काळी सावली होतात आणि हळदही विझते. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते, तेव्हा लांबच्या खुणांवर भरवसा ठेवू नये. भडक कपडे टाळायचे आणि बदकांकडे चालत जाण्याऐवजी एका जागी गुपचूप बसायचं. वीस मिनिटं हाललं नाही, तर बऱ्याचदा बदकंच आपलं अंतर कमी करतात. कुंकू मी आजवर जितक्या वेळा पाहिलं, तितक्या वेळा ते माझ्याकडे चालत आलं आहे. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा ते उडालं.

वहीत नोंद करताना नुसतं नाव लिहू नका. आधी जे दिसलं ते लिहा : पट्टी दिसली, टोक पिवळं दिसलं, लाल ठिपका दिसला नाही. नाव नंतर. असं लिहिलेलं चुकलं तरी पुढे दुरुस्त करता येतं, नुसतं नाव चुकलं तर काहीच हाती उरत नाही. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून चाललेल्या या गणनेत हौशी लोकांच्या नोंदींचं मोल मोठं आहे. स्थानिक पक्षिमित्र मंडळांबरोबर एखादी सकाळ घालवलीत, तर तुमच्या गावच्या तळ्याचा आकडाही तिच्यात जाईल.

हळदी-कुंकू आज धोक्यातल्या पक्ष्यांत मोडत नाही, पण नेहमीचं दिसतं म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होणं बरं नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याने शिकारीला बंदी आहे. पण जमिनीवरच्या घरट्याला बंदुकीपेक्षा भटक्या कुत्र्यांचं, काठ पेटवण्याचं, तळ्यात टाकलेल्या राडारोड्याचं आणि जलपर्णीचं भय जास्त. काठाचं गवत म्हणजे घाण असं समजून सुशोभीकरणाच्या नावाखाली दगडी कठडे आणि फरशा बसवल्या, की तळं माणसांना देखणं दिसतं आणि बदकांना घरटं करायला वीतभर जागा उरत नाही. तुमच्या गावच्या तळ्याचं सुशोभीकरण निघालं तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला एवढंच सांगा : एक काठ गवताचा राहू द्या.

आणि या संक्रांतीला घरातलं हळदी-कुंकू आटोपलं की एक सकाळ तळ्याला द्या. लहान मूल बरोबर असेल तर उत्तम. त्याला कुंकू शोधायला सांगू नका. आधी हळद दाखवा.